दांपत्यसंवादाचे निरीक्षणाधारित श्रेणीमापन

नवरा-बायकोचे आपसात कसे चालले आहे हे त्यांना न विचारता, त्यांचे बोलणे प्रत्यक्ष पाहून ठरलेल्या श्रेणींवर नोंदवण्याची मानसशास्त्रीय पद्धत. प्रश्नावली भरताना माणूस संसाराची अब्रू सांभाळतो. शिवाय भांडताना आपला चेहरा कसा होतो, हे ज्याचे त्याला दिसत नाही.

ज्यावरून खरोखरच खटके उडतात असा एखादा विषय (पैसा, सासर, मुलांचा अभ्यास) जोडप्याला देतात आणि साधारण १५ मिनिटांच्या बोलण्याचे चित्रीकरण करतात. पुढचे काम प्रशिक्षित निरीक्षकांचे. अमेरिकेत ओरेगन येथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस घडलेल्या वैवाहिक आंतरक्रिया संकेतन प्रणालीत प्रत्येक वाक्याला संकेत मिळतो: तक्रार, दोषारोप, होकार, तोडगा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या प्रणालीत शब्द, आवाजाची पट्टी आणि चेहरा एकत्र वाचून भावना ठरवतात. रागापेक्षा तुच्छता अधिक घातक, हे त्यांचे ठाम मत. डोळे फिरवणे किंवा जोडीदाराची नक्कल करून हिणवणे ही तिची खूण.

हे काम कमालीचे वेळखाऊ. म्हणून काही श्रेणी एकेक वाक्य न मोजता एकूण चित्राला गुण देतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९९४च्या निदानपुस्तिकेच्या परिशिष्टात अशी १ ते १०० गुणांची श्रेणी होती. समस्या सोडवणे, घराची घडी आणि भावनिक वातावरण ही तिची अंगे. २०१३च्या आवृत्तीत ती उरली नाही.

दोन निरीक्षक स्वतंत्रपणे तीच फीत पाहतात. योगायोगाने जुळलेला भाग वजा करून त्यांचे एकमत मोजण्यासाठी कोहेन यांचा कापा गुणांक वापरतात. मात्र निरीक्षकांचे जुळले म्हणजे श्रेणी बरोबर, असे नव्हे. एकाच शाळेत शिकलेले दोघे सारखेच चुकू शकतात.

या नोंदींवरून घटस्फोटाचे भाकीत ९० टक्क्यांहून अधिक अचूक करता येते, हा दावा गाजला. ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवले त्यांच्यावरच ते तपासले, तर आकडा फुगणारच. हेमन आणि स्लेप या संशोधकांनी २००१ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले: सूत्र नव्या जोडप्यांना लावल्यावर अचूकता बरीच घसरते.

बहुतेक प्रणाली अमेरिकेत आणि युरोपात घडल्या. समोरासमोर बसून मतभेद बोलून दाखवणे त्यांनी गृहीत धरले आहे. ‘विचार तुझ्या बाबांना, जेवणार आहेत का’ असा मुलांमार्फत चालणारा अबोला त्यांच्या रकान्यांत सहज बसत नाही.