योहानचा मुलगा

१७३८ साली स्ट्रासबर्गमध्ये छापलेल्या ‘हायड्रोडायनामिका’ या वाहत्या पाण्यावरच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर लेखकाचं नाव आहे, डॅनियल बर्नोली, योहानचा मुलगा. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो, तसंच. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या या घराण्यात त्याची गरजही होती. तीन पिढ्यांत आठेक गणिती, त्यात निकोलाउस दोन आणि योहान तीन! घराणं मूळचं अँटवर्पचं. तिथे प्रॉटेस्टंटांचा छळ होत होता म्हणून निघालेलं आणि बाझेलला मसाल्याच्या व्यापारात स्थिरावलेलं.

पाठ्यपुस्तकात मात्र नुसतं आडनाव येतं आणि माणसं हरवतात. संभाव्यतेच्या धड्यातला बर्नोली म्हणजे याकोब, डॅनियलचा काका. नाणं जितकं जास्त वेळा उडवावं, तितकं छापाचं प्रमाण निम्म्याजवळ सरकत जातं, असं सगळ्यांनाच वाटतं. याकोबने ते सिद्ध केलं. त्याचं पुस्तक छापून आलं १७१३ मध्ये, तो गेल्यावर आठ वर्षांनी. धाकट्या भावाला, योहानला, गणिताची गोडी त्यानेच लावली होती. पुढे दोघांचं चारचौघांत वितुष्ट आलं.

डॅनियलचं समीकरण वाहत्या पाण्याचं. आडव्या पाइपला भोक पाडून त्यात काचेची उभी नळी बसवायची. नळीत पाणी जितकं वर चढेल, तितका तिथला दाब. पाइप जिथे अरुंद होतो तिथे पाणी जोरात धावतं, पण नळीतली पातळी मात्र खाली उतरते. चिंचोळ्या जागी दाब वाढायला हवा, असं आपल्याला आधी वाटतं. पण मागे दाब जास्त आणि पुढे कमी असल्याशिवाय पाणी वेग घेईल कसं?

‘हायड्रोडायनामिका’च्या आधी, १७३४ मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एक बक्षीस बापलेकांत वाटून दिलं. मुलाला आपल्या बरोबरीने बसवलं, हे योहानला सोसलं नाही. त्याने डॅनियलला घराबाहेर काढलं. ‘योहानचा मुलगा’ हे शब्द छापले गेले ते त्यानंतर चार वर्षांनी. त्या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो.

मग योहानने त्याच विषयावर स्वतःचा ‘हायड्रॉलिका’ हा ग्रंथ काढला. त्यातलं काही काम खरोखर मोलाचं आहे, म्हणूनच त्यावर घातलेलं साल जास्त खुपतं: १७३२.