हौशी रेडिओ प्रक्षेपण व शेजारच्या उपकरणांतील व्यत्यय

हौशी रेडिओ केंद्रातून, म्हणजे हॅम स्टेशनमधून, प्रक्षेपण चालू असताना आसपासच्या घरांतील टीव्ही, ध्वनिवर्धक, इंटरनेट मोडेम, धोक्याची घंटा किंवा दिवे यांच्या कामात येणारा अडथळा आणि तो टाळण्याच्या पद्धती. प्रक्षेपकातून परवानगीच्या पट्ट्याबाहेरच्या वारंवारता निसटल्या, तर दोष हॅमकडे असतो. प्रक्षेपण अगदी शुद्ध असूनही शेजारचे उपकरण त्या प्रबळ संकेताने गोंधळते, तेव्हा दोष उपकरणाच्या बचावात असतो. कारखान्यात बनलेल्या आजच्या प्रक्षेपकांमध्ये पहिला प्रकार कमी आढळतो. बहुतेक तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या असतात. तरीही अनेक जण आधी लो पास फिल्टर, म्हणजे प्रक्षेपकातून निसटणाऱ्या वरच्या वारंवारता अडवणारी गाळणी, विकत आणतात आणि काहीच फरक पडला नाही म्हणून चक्रावतात.

३० मेगाहर्ट्झच्या खाली तरंगलांबी १० मीटरपेक्षा जास्त असते. एवढ्या लांब लहरी पकडायला टीव्हीची पेटी फार लहान पडते. त्या पकडतात उपकरणाला जोडलेल्या तारा : वीजपुरवठ्याची, स्पीकरची, नेटवर्कची, छतावरच्या अँटेनाची. केबलच्या सर्व वाहकांवरून आणि बाहेरच्या जाळीवरून एकाच दिशेने वाहणाऱ्या या प्रवाहाला कॉमन मोड प्रवाह म्हणतात. तो उपकरणातल्या अर्धवाहक संधीपर्यंत (डायोड, ट्रान्झिस्टर) पोहोचला की तिथे त्याचे एकदिशीकरण होते, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ दिला जातो, आणि प्रक्षेपकाचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो. घरगुती उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्याही हेच गृहीत धरतात. ८० मेगाहर्ट्झच्या वर उपकरण ३ व्होल्ट प्रति मीटर क्षेत्रात ठेवून तपासतात. त्याखाली मात्र तारांमध्येच ३ व्होल्टचा संकेत सोडून तपासतात.

मोकळ्या अवकाशातील अर्धतरंग द्विध्रुव अँटेनापासूनची (अर्ध्या तरंगलांबीच्या, मधोमध पुरवठा दिलेल्या तारेपासूनची) क्षेत्रतीव्रता काढण्यासाठी वॉटमधील शक्तीच्या वर्गमुळाला ७ ने गुणून मीटरमधील अंतराने भागतात. १०० वॉटला १० मीटरवर ७ व्होल्ट प्रति मीटर येतात, आणि ३ व्होल्ट प्रति मीटरपर्यंत उतरायला सुमारे २३ मीटर लागतात. खालच्या पट्ट्यांवर १० मीटर हे निकटक्षेत्रच, म्हणजे हे साधे सूत्र नीट लागू न पडणारा अँटेनालगतचा भाग, असल्याने तिथे हा आकडा अंदाजापुरता धरावा. मात्र त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अंतर दुप्पट केले की क्षेत्र निम्मे होते. शक्ती कमी करून तेच साधायचे तर ती चौथ्या हिश्श्यावर आणावी लागते. म्हणून अँटेना उंच नेणे आणि भिंतींपासून दूर ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. द्विध्रुवाच्या टोकांशी व्होल्टता सर्वाधिक असते, त्यामुळे ती टोके शेजारच्या वायरिंगजवळ किंवा टीव्हीच्या केबलला समांतर येऊ देऊ नयेत. भिंतीवरून खाली उतरणाऱ्या केबली उभ्या अँटेनाचा संकेत अधिक घेतात, हेही जागा निवडताना ध्यानात धरावे.

एका टोकाने पुरवठा दिलेली तार लावायला सोपी, पण दाट वस्तीत तीच सर्वांत त्रासदायक ठरते. तिला परतीचा मार्ग लागतो आणि तो दिला नाही, तर कोअॅक्स केबलची (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेल्या अँटेनाच्या केबलची) जाळी व घराचे अर्थिंग मिळून तो मार्ग बनतात. मग सगळी इमारतच अँटेनाचा भाग होते. त्या जागी मधोमध पुरवठा असलेला द्विध्रुव बसवून पुरवठ्याच्या बिंदूशी १:१ करंट बालून, म्हणजेच कॉमन मोड प्रवाह अडवणारा चोक, लावला तर तक्रारींचे मोठे कारण संपते.

हा चोक घरी बनवता येतो. सुमारे ६१ मिलिमीटर बाह्य व्यासाचे, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) कडे घेऊन त्यावर आरजी-५८ या बारीक कोअॅक्स केबलचे ७ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यांसाठी १२ ते १४ आणि १४ मेगाहर्ट्झच्या वर ८ ते १० वेढे घालतात. संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध, इंपिडन्स) वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, पण वेढ्यांमधील धारिताही (कपॅसिटन्स) वाढते आणि वरच्या पट्ट्यांवर ती संकेताला आडवाट देते; म्हणून जास्त वेढे नेहमीच चांगले नसतात. काही हजार ओहम संरोध मिळाला पाहिजे. पहिला व शेवटचा वेढा एकमेकांपासून दूर ठेवावा आणि केबल इतकी आवळू नये की आतील तार मध्यापासून सरकेल. लाल किंवा पिवळ्या रंगाची लोहचूर्णाची कडी दिसायला तशीच असतात, परंतु या कामी निरुपयोगी ठरतात. तसाच दुसरा चोक केबल घरात शिरते तिथे बसवावा. नाहीतर अँटेनाच्या क्षेत्रात लटकणारी जाळी तो प्रवाह पुन्हा उचलते.

अर्थिंगविषयीचा गैरसमज फार जुना आहे. वीजसुरक्षेसाठी आणि तडितसंरक्षणासाठी ते अनिवार्यच आहे. व्यत्यय मात्र त्याने क्वचित थांबतो. वरच्या मजल्यावरून जमिनीत गेलेली ५ मीटरची तार १४ मेगाहर्ट्झला जवळपास पाव तरंगलांबीची असते, आणि तिच्या वरच्या टोकाला संरोध प्रचंड असतो. ती तार अर्थिंग न राहता अँटेना होते.

प्रक्षेपकाची बाजू थोडक्यात अशी : एएलसीची (प्रक्षेपकाची पातळी आपोआप आवरणाऱ्या मंडलाची) सुई मर्यादेत राहील एवढाच आवाज द्यावा, संगणकाकडून येणारा संकेत अतिप्रबळ नसावा, मोर्सच्या स्पंदाची चढण सुमारे ५ मिलिसेकंदांची असावी. लो पास फिल्टर प्रक्षेपक आणि अँटेना ट्यूनर (अँटेनाचा संरोध प्रक्षेपकाशी जुळवणारे यंत्र) यांच्यामध्ये बसतो, कारण त्याचे गणित ५० ओहमवर बेतलेले असते. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना व केबल यांचा मेळ किती बिघडला आहे हे दाखवणारे गुणोत्तर, जास्त असला म्हणजे व्यत्यय होतोच असे नाही.

निदानाची सुरुवात हॅमने स्वतःच्या घरापासून करावी. स्वतःचा टीव्ही स्वच्छ चालत असेल तरच शेजाऱ्याशी बोलण्यात वजन येते. अँटेना काढून डमी लोड, म्हणजे शक्ती प्रक्षेपित न करता उष्णतेत जिरवणारा रोध, जोडावा. तरीही व्यत्यय टिकला तर गळती प्रक्षेपकाच्या पेटीतून किंवा वीजतारेतून आहे. थांबला तर अँटेनाकडे वळावे. मग शक्ती टप्प्याटप्प्याने उतरवावी. एका पातळीखाली त्रास एकदम नाहीसा झाला तर अतिभाराचा, म्हणजे प्रबळ संकेताने उपकरण भांबावल्याचा, संशय घ्यावा. प्रत्येक वेळी वेळ, पट्टा, प्रकार, शक्ती आणि परिणाम लिहून ठेवावा. शेजाऱ्याने फक्त वेळ टिपली तरी पुरते. केंद्र बंद असतानाही काही तक्रारी येतात आणि ही वही त्या जागीच मिटवते.

आवाजावरूनही बरेच कळते. प्रक्षेपणाच्या प्रकारांपैकी एसएसबी (एकपार्श्व पट्टा) घोगरे व न समजणारे ऐकू येते, एएममध्ये शब्द स्पष्ट कळतात, एफएममध्ये नुसते ‘टक’ होते किंवा चालू आवाज दबतो. ध्वनीची कळ शून्यावर नेऊनही बोलणे ऐकू येत असेल, तर संकेत त्या कळीच्या पुढच्या टप्प्यात, बहुधा स्पीकरच्या तारांतून, शिरतो आहे. अशा वेळी एकेक केबल काढून पाहावी आणि दोषी केबल फेराइट कड्यावर ७ ते १० वेळा गुंडाळून कडे उपकरणाच्या अगदी जवळ ठेवावे. तारेवर नुसती चिमटवलेली फेराइटची मणी एकाच वेढ्याची असल्याने खालच्या पट्ट्यांवर जेमतेम काही दशक ओहम देते; सात वेढ्यांनी हाच संरोध ४९ पटींच्या घरात जातो. स्पीकरच्या तारांना धारित्र जोडण्याचा जुना सल्ला आज टाळावा, कारण काही प्रवर्धक त्यामुळे दोलायमान होऊन जळतात.

टीव्हीच्या बाबतीत छतावरचा रुंद पट्ट्याचा बूस्टर (अँटेनाचा संकेत वाढवणारा प्रवर्धक) हा नेहमीचा गुन्हेगार. हाय पास फिल्टर, म्हणजे खालच्या वारंवारता अडवणारी गाळणी, बूस्टरच्या आधी, खांबावरच, बसवावा. टीव्हीजवळ बसवून उपयोग होत नाही, कारण विकृती तोवर झालेली असते. १४५ मेगाहर्ट्झसाठी ३४ सेंटिमीटर आरजी-५८ चा मोकळ्या टोकाचा तुकडा टी-जोडणीने लावण्याची युक्ती एफएम रेडिओला चालते. टीव्हीला मात्र ती जपून वापरावी : हा तुकडा ४३५ आणि ७२५ मेगाहर्ट्झलाही तितकाच आडवा येतो. केबल टीव्हीच्या परतीच्या संकेताचा पट्टा ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, म्हणून तिथे सैल एफ-कनेक्टर (टीव्हीच्या केबलचे आट्यांचे जोड) आधी घट्ट करावेत.

व्हीडीएसएल जोडणी (टेलिफोनच्या तारेवरून येणारे वेगवान इंटरनेट) १७ मेगाहर्ट्झपर्यंत, काही प्रकारांत ३० पर्यंत जाते, म्हणजे ३.५, ७, १० आणि १४ मेगाहर्ट्झचे हौशी पट्टे तिच्याच अंगावरून जातात. तिथे लो पास फिल्टर लावला तर इंटरनेटच बंद पडेल. टेलिफोनची जोडतार आणि मोडेमच्या अॅडॉप्टरची तार यांना चोक घालणे हाच मार्ग. स्पर्शाने चालणारे दिवे आपोआप लागू-विझू लागले तर वीजतारेला चोक लावून पाहावा. अनेकदा दिवा बदलणेच स्वस्त पडते.

शेजाऱ्याचे कोणतेही उपकरण हॅमने उघडू नये. आत प्राणघातक व्होल्टता असते आणि नंतरच्या प्रत्येक बिघाडाचा दोष त्याच्यावर येतो. बाहेरून लावता येणारे फेराइट व फिल्टर, तेही मालकाच्या संमतीने, एवढीच मर्यादा पाळावी.

हे सारे करूनही व्यत्यय राहिला आणि कोरड्या हवेत वाढून पावसात घटू लागला, तर गंजलेला सांधा शोधावा : पत्र्याचे पन्हळ, कुंपण, जुन्या टीव्ही अँटेनाची पकड. दोन धातूंमधला गंज डायोडसारखा वागतो आणि नव्या वारंवारता निर्माण करून त्या पुन्हा फेकतो. सांधा घासून घट्ट जोडावा किंवा पूर्ण तोडून वेगळा ठेवावा. नुसता हलवल्याने तो तात्पुरता सुधारतो आणि पुढच्या उन्हाळ्यात व्यत्यय परत येतो.