जेहान दारूवाला: फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यापर्यंतची वाटचाल

जून 2022 मध्ये मुंबईच्या जेहान दारूवालाने सिल्व्हरस्टोनच्या सर्किटवर मॅक्लारेन संघाची आदल्या हंगामातली फॉर्म्युला वन कार चालवली, तेव्हा नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक यांच्यानंतरचा तिसरा भारतीय ड्रायव्हर आता लवकरच दिसेल, अशी आशा देशातल्या मोटरस्पोर्टप्रेमींना वाटू लागली होती. ती पुरी झाली नाही. का झाली नाही, हे नुसत्या विजयांच्या यादीवरून कळत नाही. तो कोणत्या वर्षी कोणत्या पायरीवर होता आणि त्या वेळी त्याच्याच संघाच्या दुसऱ्या गाडीत कोण बसले होते, हे पाहावे लागते.

जेहानचा जन्म 1 ऑक्टोबर 1998 रोजी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईत मोटार शर्यतींचे कायमस्वरूपी सर्किट नाही. देशातली नावाजलेली सर्किट्स कोइम्बतूरला आणि चेन्नईजवळ. 2011 मध्ये ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट त्यात जमा झाले आणि तिथे फॉर्म्युला वनची शर्यत जेमतेम तीन वर्षे टिकली. महाराष्ट्रातल्या मुलाची सुरुवात त्यामुळे कार्टिंगपासूनच होते, आणि जेहानचीही रायोमंद बनाजी यांच्या मार्गदर्शनाखाली तशीच झाली. त्याच 2011 साली विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने ‘वन फ्रॉम अ बिलियन’ नावाचा देशव्यापी शोध घेतला. त्यातून निवडल्या गेलेल्या तिघांत अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी यांच्याबरोबर जेहान होता. पाठबळ मिळाले, पण त्याचबरोबर मुक्काम युरोपात हलवावा लागला. 2013 मध्ये ब्रिटनमधले कार्टिंगच्या केएफ3 या कनिष्ठ गटाचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने मिळवले आणि पुढच्या वर्षी केएफ ज्युनियर गटाच्या जागतिक स्पर्धेत तो तिसरा आला.

कार्टमधून सिंगल-सीटरमध्ये, म्हणजे एकाच आसनाच्या शर्यतीच्या गाडीत, आल्यावर खरी चढण सुरू होते. एके काळी फॉर्म्युला वनच्या खालच्या स्पर्धांचा नुसता गुंता होता: फॉर्म्युला रेनॉ, निरनिराळ्या देशांच्या फॉर्म्युला थ्री मालिका, जीपी3, जीपी2. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफआयएने, त्याला हळूहळू वळण लावले. 2014 मध्ये फॉर्म्युला फोर सुरू झाली, 2017 मध्ये जीपी2 चे नाव फॉर्म्युला टू झाले आणि 2019 मध्ये जीपी3 व युरोपियन फॉर्म्युला थ्री यांच्या जागी एकच फॉर्म्युला थ्री आली. जेहानची कारकीर्द नेमकी या संक्रमणकाळात घडली. फॉर्म्युला फोरच्या पायरीवर तो चढलाच नाही. 2015 मध्ये तो थेट फॉर्म्युला रेनॉमध्ये उतरला.

2016 च्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या टोयोटा रेसिंग सिरीजमध्ये तो दुसरा आला. पहिला होता लँडो नॉरिस. पुढच्या वर्षी मॅनफील्डला जेहानने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली, जिच्या विजेत्यांत जॅक ब्रॅबम, स्टर्लिंग मॉस आणि ब्रूस मॅक्लारेन यांची नावे आहेत. त्याच 2017 साली तो कार्लिन संघातून युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये आला आणि नोरिसरिंगला त्याने शर्यतही जिंकली. पण हंगामअखेरीस तो सहावा होता आणि त्याच संघाचा नॉरिस विजेता. 2018 मध्ये तर जेहान दहाव्या क्रमांकावर घसरला. ज्या फोर्स इंडियाने त्याला निवडले होते, तो संघही त्याच वर्षी आर्थिक डबघाईला येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेला.

2019 मध्ये प्रेमा या इटालियन संघाने त्याला नव्या फॉर्म्युला थ्रीत घेतले. तीस गाड्यांच्या त्या मालिकेत पहिले तिन्ही क्रमांक प्रेमाने पटकावले: रॉबर्ट श्वार्टझमन, मार्कस आर्मस्ट्राँग आणि एका गुणाने मागे राहिलेला जेहान. या एका गुणाचीही किंमत असते. सतरा वर्षांचा मॅक्स वेर्स्टापन फॉर्म्युला थ्रीच्या एकाच हंगामानंतर 2015 मध्ये थेट फॉर्म्युला वनमध्ये आल्यावर एफआयएने सुपर लायसन्सचे, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये उतरण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे, नियम कडक केले आणि खालच्या मालिकांतून किमान 40 गुण जमवण्याची अट घातली. त्या तक्त्यात फॉर्म्युला थ्रीच्या दुसऱ्या क्रमांकाला 25 गुण, तर तिसऱ्याला 20. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना प्रत्येकी पूर्ण 40 आणि सातव्याला फक्त 8. मधल्या मंडळींना हा तक्ता फार लवकर विसरतो, असे म्हणण्यास वाव आहे.

तरीही तिसरा क्रमांक वाया गेला नाही. 2020 च्या सुरुवातीला रेड बुल या फॉर्म्युला वन संघाने त्याला आपल्या ज्युनियर संघात घेतले आणि तो पुन्हा कार्लिनमध्ये, या वेळी फॉर्म्युला टूला आला. इथे चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, दलाराची, टर्बो व्ही6 इंजिन मेकाक्रोमचे आणि टायर पिरेलीचे, ही तिन्ही सगळ्या संघांना सारखीच असतात, म्हणून सहकारी ड्रायव्हर हाच सर्वांत निष्ठुर मापदंड ठरतो. जेहानचा सहकारी होता युकी त्सुनोदा, रेड बुलच्याच यादीतला. त्या हंगामात त्सुनोदाने 200 गुण मिळवून तिसरा क्रमांक घेतला. जेहान 72 गुणांवर बारावा राहिला. काही दिवसांतच अल्फाटाउरी या रेड बुलच्याच दुसऱ्या संघाची फॉर्म्युला वनमधली जागा त्सुनोदाला जाहीर झाली.

मात्र त्या हंगामाची शेवटची शर्यत जेहानची होती. 6 डिसेंबर 2020 रोजी बहारीनमधल्या साखीरच्या बाहेरच्या, लहान सर्किटवर तो पहिल्या रांगेत डॅन टिकटमच्या शेजारून सुटला. टिकटम त्याला कडेला दाबू लागला आणि उघड्या पडलेल्या जागेत मागून मिक शूमाकर घुसला. तिघे एकाच ओळीत वळणाकडे गेले आणि शूमाकर पुढे निघाला. जेहानने घाई केली नाही. टायर सांभाळत मागे राहून त्याने आघाडी परत मिळवली आणि त्सुनोदाच्या सुमारे साडेतीन सेकंद आधी शर्यत संपवली. टायर घासून बसलेला शूमाकर गुणांच्या बाहेर फेकला गेला, तरी हंगामाचे विजेतेपद त्याच दिवशी त्याच्या नावावर झाले. फॉर्म्युला टू या नावाखाली भारतीयाने जिंकलेली ही पहिली शर्यत होती.

पुढची दोन वर्षे चांगली गेली, पण ‘चांगली’ एवढ्यावर इथे भागत नाही. 2021 मध्ये मोंझा आणि अबू धाबीला, 2022 मध्ये प्रेमाकडून पुन्हा मोंझाला, या वेळी छोट्या स्प्रिंट शर्यतीत नव्हे तर मुख्य शर्यतीत, तो जिंकला. दोन्ही हंगामांत क्रमांक मात्र सातवा. याच काळात, 2021 च्या आरंभी, संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशियाई फॉर्म्युला थ्रीत त्याने कुश मैनीसह मुंबई फाल्कन्स संघातून भाग घेऊन तिसरा क्रमांक मिळवला होता. मॅक्लारेनमधली चाचणीही उपयोगाचीच होती, कारण सुपर लायसन्ससाठी फॉर्म्युला वन कारमध्ये 300 किलोमीटर पूर्ण करावे लागतात. पण 2023 साठी अल्फाटाउरीत जागा झाली तेव्हा ती निक द व्रीसला, विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेतल्या एका विजेत्याला, मिळाली. जेहान रेड बुलच्या ज्युनियर संघातून बाहेर पडला आणि एमपी मोटरस्पोर्टकडून फॉर्म्युला टूचा चौथा हंगाम खेळला.

2024 च्या जानेवारीत मेक्सिको सिटीत तो मासेराती संघातून फॉर्म्युला ईमध्ये उतरला. दुसऱ्या गाडीत होता मॅक्सिमिलियन ग्युंथर, 2017 च्या युरोपियन फॉर्म्युला थ्रीत तिसरा आलेला. त्याच महिन्यात हैदराबादची नियोजित शर्यत रद्द झाली आणि घरच्या प्रेक्षकांपुढे धावण्याची संधी गेली. पुढच्या हंगामासाठी मासेरातीने दोन्ही ड्रायव्हर बदलले. फॉर्म्युला टूच्या रांगेत भारताचे नाव त्यानंतर कुश मैनीकडे राहिले आणि 2025 मध्ये मोनॅकोची स्प्रिंट शर्यत त्याने जिंकली.