रेल्वे सुरक्षा आयोग (भारत)

भारतातील रेल्वे प्रवासाच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची वैधानिक यंत्रणा. स्थानकांवर खाकी वर्दीत दिसणाऱ्या रेल्वे सुरक्षा दलाशी तिचा संबंध नाही. आयोगाचे मुख्य आयुक्त लखनौला बसतात. त्याच्या मध्य आणि पश्चिम सर्कलच्या (कार्यक्षेत्रांच्या) आयुक्तांची कार्यालये मुंबईत आहेत. आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येत नाही. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला जोडलेला आहे, आणि ही रचना मुद्दाम केलेली आहे.

एकोणिसाव्या शतकात खासगी कंपन्या रूळ टाकत, तेव्हा त्यांच्या कामावर सरकारी अभियंते नजर ठेवत. 1905 साली रेल्वे बोर्ड आले आणि हे तपासनीस बोर्डाच्याच अधिकाराखाली गेले. गाड्या चालवणारा आणि त्यांची तपासणी करणारा एकच असू नये, हा विचार 1935च्या भारत सरकार कायद्यात मान्य झाला. त्यानुसार मे 1941मध्ये तपासनीस बोर्डापासून वेगळे होऊन टपाल व हवाई खात्याकडे गेले. 1961 साली तपासनीसांच्या या यंत्रणेला आयोग हे आजचे नाव मिळाले, तर 1967 साली तो पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आला.

आयोगाचे अधिकार रेल्वे अधिनियम, 1989 मध्ये आहेत. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्यापूर्वी आयुक्ताने तो पाहणे बंधनकारक आहे. आयुक्त मोटार ट्रॉलीवरून मार्ग पाहतात, पूल, वळणे, पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारे सांधे), फाटके आणि सिग्नल तपासतात, मग वेगाची चाचणी घेतात. मंजुरी मिळते ती अटी आणि वेगमर्यादा घालूनच. एखादी लाइन ‘सीआरएस (कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी, म्हणजे हेच आयुक्त) झाल्याशिवाय’ सुरू होत नाही असे रेल्वेत म्हणतात, ते याच तपासणीबद्दल. गंभीर अपघाताची चौकशीही आयुक्त करतात; त्यासाठी वृत्तपत्रांत जाहीर सूचना निघते आणि ज्याला काही माहिती असेल असा कोणीही आयुक्तांसमोर साक्ष देऊ शकतो.

2 जून 2023 रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे हिरवा सिग्नल असलेली कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर (गाड्या बाजूला थांबवण्याच्या रुळावर) शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या यशवंतपूर–हावडा एक्सप्रेसवर कोसळले. 290हून अधिक माणसे गेली. आग्नेय सर्कलच्या आयुक्तांना सिग्नल सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलात आणि फाटकाच्या अडसराच्या कामात चुका आढळल्या. मे 2022मध्ये पश्चिम बंगालमधील बांक्रा नयाबाज स्थानकावर अशाच चुकीच्या वायरिंगमुळे घटना घडली होती. तिच्यावरून वेळीच सुधारणा केली असती, तर हा अपघात टळला असता, असे अहवालाचे म्हणणे आहे.

आयोगाची मोठी उणीव इथेच दिसते. तो दोष शोधून काढतो, शिफारस करतो. अंमलबजावणी मात्र रेल्वेच्या हाती असते. शिवाय आयुक्त रेल्वेच्या अधिकारी वर्गातूनच येतात. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी 2012च्या अहवालात यावर नेमके बोट ठेवले: नियम करणे, गाड्या चालवणे आणि नियमन या तिन्ही गोष्टी रेल्वे बोर्डाकडेच एकवटल्या आहेत. समितीने स्वतंत्र वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण आणि पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक सुचवली. पैशाची बाजू 2017-18च्या अर्थसंकल्पातील राष्ट्रीय रेल संरक्षा कोषाने काही अंशी उचलली. प्राधिकरण मात्र झाले नाही, आणि समितीच्या शिफारशींतला कळीचा भाग तोच होता.

पुढे रेल्वेच्या रचनेत बरेच फेरफार झाले. 2017 साली स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला, 2019 साली बोर्डाच्या पुनर्रचनेला मंजुरी मिळाली. 2025च्या दुरुस्तीने बोर्डाविषयीच्या 1905च्या कायद्यातील तरतुदी 1989च्या अधिनियमात आणल्या. सुरक्षेसाठी वेगळा नियामक त्या दुरुस्तीतही नाही.