घोडा शर्यतीत मुद्दाम हरवला, हे कसे ओळखतात?

सप्टेंबर 1990 मध्ये इंग्लंडमधील डॉनकॅस्टर रेसकोर्सवर सेंट लेजर शर्यतीचा सप्ताह सुरू असताना ब्रेव्हफूट आणि नॉरविच हे दोन नावाजलेले घोडे आपापल्या शर्यतींत अगदीच निस्तेज धावले. दोघांचे नमुने तपासले गेले आणि दोन्हींत एसीप्रोमॅझिन हे एकच औषध सापडले. पशुवैद्य हे औषध रोज वापरतात. बुजरा घोडा वाहनात चढवायचा असला, नाल ठोकताना तो लाथा झाडत असला, तर याच्या थोड्या मात्रेने तो शांत होतो. पुढे काही वर्षांनी एका माजी जॉकीने, त्या काळात आपण अनेक घोड्यांना गुंगीचे औषध दिले होते, अशी कबुली दिली.

शर्यतीतला गैरप्रकार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उत्तेजक टोचून पळवलेला घोडा येतो. तसे घडते, परंतु पैसे कमावण्याचा तो खडतर मार्ग आहे, कारण उत्तेजक दिलेल्या घोड्यालाही उरलेल्या साऱ्यांना मागे टाकावे लागते आणि जिंकल्यावर तपासणीलाही सामोरे जावे लागते. ज्याच्यावर सगळ्यांचे पैसे लागले आहेत, तो फेवरिट घोडा जिंकणार नाही एवढीच व्यवस्था करणे कितीतरी सोपे असते. मागे पडलेल्या घोड्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि ‘आज त्याचा दिवस नव्हता’ हे स्पष्टीकरण नेहमीच खरे वाटते. म्हणून शर्यतीतील भ्रष्टाचार शोधण्याचे शास्त्र हे मुख्यतः न घडलेली गोष्ट सिद्ध करण्याचे शास्त्र आहे, आणि त्याची सारी अडचण व सारे चातुर्य याच ठिकाणी दिसते.

यामागचे गणित आधी पाहू. फेवरिट घोडा साधारणपणे तीनपैकी एक शर्यत जिंकतो. समजा, तो हरेल या बाजूने कोणी पैज घेतली असून घोडा हरला तर त्याला 100 रुपये मिळतील आणि जिंकला तर 200 रुपये द्यावे लागतील. प्रामाणिक शर्यतीत हा सौदा बरोबरीचा आहे, कारण दोन वेळा मिळालेले शंभर तिसऱ्या वेळी दोनशेच्या रूपाने निघून जातात. आता घोड्याची जिंकण्याची शक्यता तीनात एकवरून वीसात एकवर आणली, तर त्याच माणसाला प्रत्येक पैजेमागे सरासरी 85 रुपये नफा होतो. एवढा परिणाम साधण्याचीही गरज नाही. शक्यता नुसती पाचात एकवर आली तरी सरासरी 40 रुपये सुटतात. घोडा पूर्ण थांबवावा लागत नाही, त्याला किंचित मंद करणे पुरते, ही या हिशेबातली सर्वांत घातक बाब आहे.

किंचित म्हणजे किती? थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचा उत्तम घोडा 1600 मीटरचे अंतर सुमारे 97 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर या गतीने कापतो. त्याचा वेग फक्त एक टक्क्याने कमी झाला तर शेवटच्या खांबाजवळ तो जवळपास 16 मीटर मागे असेल. घोड्याची लांबी सुमारे 2.4 मीटर धरली, तर हे अंतर सहा लांबींहून अधिक भरते, आणि चुरशीच्या शर्यतींचे निकाल तर पुष्कळदा एका मानेच्या अंतराने लागतात. एक टक्क्याचा फरक दुर्बिणीतून पाहणाऱ्या स्टुअर्डला, म्हणजे शर्यतीच्या पंचाला, दिसत नाही, तसा वर बसलेल्या जॉकीलाही प्रत्येक वेळी जाणवेलच असे नाही.

हा एक टक्का काढून घेणे का शक्य होते, ते घोड्याच्या शरीररचनेत दडलेले आहे. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे हृदय मिनिटाला 30 ते 40 ठोके देते आणि भरधाव धावताना हीच संख्या 220 च्या पुढे जाते. त्याहून विलक्षण काम त्याची प्लीहा (पाणथरी) करते. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. धोक्याची चाहूल लागली किंवा धावायची वेळ आली की अ‍ॅड्रिनलीनच्या प्रभावाने प्लीहा आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात ओतते. त्यामुळे एरवी रक्ताच्या 35 ते 40 टक्के असलेले तांबड्या पेशींचे प्रमाण काही क्षणांत 60 ते 65 टक्क्यांपर्यंत चढते, आणि स्नायूंना ऑक्सिजन पोहोचवण्याची रक्ताची क्षमता त्याच मानाने वाढते. माणसाच्या शरीरात या तोडीची सोय नाही. एसीप्रोमॅझिन नेमक्या याच यंत्रणेला हात घालते. अ‍ॅड्रिनलीनचा संदेश घेणारी ग्राहके ते अडवते, रक्तदाब खाली आणते, प्लीहा सैलावते आणि तांबड्या पेशी पुन्हा तिच्यात जाऊन साठतात. विश्रांत घोड्याला हे औषध दिल्यावर रक्तातील त्यांचे प्रमाण मोजण्याइतके घसरते, हे पशुवैद्यकात चांगले ठाऊक आहे. म्हणजे घोड्याला गुंगी येते एवढेच होत नाही, तर धावण्यासाठी जमवलेली त्याची शिदोरीच आटते. अशा घोड्याला ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने दहाबारा घोड्यांच्या गर्दीत सोडणे म्हणजे त्याच्या आणि जॉकीच्या जिवाशी खेळणे होय, आणि या गुन्ह्याला नुसती आर्थिक फसवणूक म्हणणे मला अपुरे वाटते.

औषधाशिवायही घोडा मंद करता येतो. शर्यतीआधी त्याला भरपूर पाणी पाजले तर पोटात काही किलोंचे ओझे वाढते आणि नंतर कोणत्याही प्रयोगशाळेत काहीही सापडत नाही. जॉकी तर त्याहून सहजपणे हे काम करू शकतो. गेट उघडताना अर्धा क्षण उशीर करणे, वळणावर बाहेरून जाऊन दहाबारा मीटर जास्त धावायला लावणे, दोन घोड्यांच्या मागे मुद्दाम अडकून राहणे किंवा सुरुवातीलाच दम काढून घेणे, यांतली प्रत्येक गोष्ट प्रामाणिक जॉकीच्या हातूनही घडते. हाँगकाँगमध्ये मात्र याच्या अगदी उलट टोकाचा प्रकार उघडकीस आला. मार्च 2007 मध्ये तेथील हॅपी व्हॅली रेसकोर्सवर, 1200 मीटरच्या शर्यती जेथून सुटतात त्या ठिकाणी, गवताखाली पुरलेले एक उपकरण सापडले. त्यात 12 नळ्या होत्या आणि दूरनियंत्रकाचे बटण दाबताच त्यांतून द्रव भरलेले बाण वर उभ्या असलेल्या घोड्यांच्या पोटात घुसावेत अशी रचना होती. तबेल्यांवर कडक पहारा असल्यामुळे घोड्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोणीतरी जमिनीखालून काढला होता. सुदैवाने ते वापरले जाण्याआधीच हाती लागले.

याउलट घोडा जिंकवण्याचे कारस्थान किती हातांवरून जाते, ते ऑस्ट्रेलियातील फाइन कॉटन प्रकरणात दिसते. 18 ऑगस्ट 1984 रोजी ब्रिस्बेनच्या ईगल फार्म रेसकोर्सवर फाइन कॉटन या सामान्य घोड्याच्या नावाने बोल्ड पर्सनॅलिटी हा पुष्कळ वरचढ घोडा उतरवण्यात आला. दोघांचा रंग जुळत नव्हता म्हणून केसांना लावायचा कलप वापरला गेला आणि पायांवर पांढरे पट्टे रंगवले गेले. देशभरातून पैशांचा एवढा लोंढा आला की 33 ला एक, म्हणजे एका रुपयावर 33 रुपये, असलेला भाव साडेतीनला एकपर्यंत उतरला. घोडा जिंकला खरा, पण प्रेक्षकांतूनच ओरडा सुरू झाला आणि त्याला बाद करण्यात आले. आज मानेतील मायक्रोचिप आणि जन्माच्या नोंदणीच्या वेळी होणारी डीएनए तपासणी यांमुळे अशी अदलाबदल फार अवघड झाली आहे. ओळखीचा प्रश्न विज्ञानाने जवळजवळ मिटवला, प्रयत्नांचा प्रश्न मात्र मिटलेला नाही.

रासायनिक तपासणीचा आरंभ 1910 च्या सुमारास व्हिएन्नात झाला. ऑस्ट्रियाच्या जॉकी क्लबने वॉर्साहून आल्फोन्स बुकोव्स्की या रसायनतज्ज्ञाला बोलावले आणि त्याने घोड्यांच्या लाळेत अल्कलॉइड ही वनस्पतिजन्य द्रव्ये शोधून दाखवली, पण आपली पद्धत सांगायला तो तयार नव्हता. मग व्हिएन्नातल्याच झिग्मुंड फ्रेंकेल यांनी स्वतंत्रपणे पद्धत बसवली. त्या वेळी शोध होता तो कोकेन, मॉर्फिन, स्ट्रिकनीन अशा उत्तेजक म्हणून दिल्या जाणाऱ्या द्रव्यांचा. आज मूत्र आणि रक्ताचे नमुने घेतात, प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करतात, आणि पहिल्यात काही सापडले तर दुसरा भाग स्वतंत्रपणे तपासण्याचा हक्क मालकाला असतो. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या वस्तुमानांवरून मूळ रेणू ओळखते. एसीप्रोमॅझिनच्या बाबतीत मूळ औषधापेक्षा यकृताने त्याचे रूपांतर करून बनवलेला पदार्थ मूत्रात शोधणे अधिक उपयोगी ठरते. तो सापडला की औषध घोड्याच्या शरीरातून गेले होते, एवढे नक्की होते, कारण नमुन्यात बाहेरून मिसळलेल्या औषधापासून तो पदार्थ तयार होणार नाही.

जी द्रव्ये शरीरात मुळातच असतात किंवा चाऱ्यातून येतात, त्यांच्याबाबत केवळ ‘सापडले’ म्हणून भागत नाही. शर्यतीआधी नाकातून नळी घालून सोडा बायकार्बोनेटचे द्रावण पोटात सोडण्याची एक जुनी युक्ती आहे. त्यामुळे स्नायूंत साठणाऱ्या आम्लाचा प्रभाव कमी होऊन घोडा उशिरा थकतो. बायकार्बोनेट प्रत्येक घोड्याच्या रक्तात असतेच, म्हणून रक्तद्रवातील एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि लिटरला 36 मिलिमोल ही आंतरराष्ट्रीय मर्यादा धरतात. कोबाल्टचेही असेच आहे. जीवनसत्त्व बी-12 मधून तो सगळ्या घोड्यांना मिळतो, पण मोठ्या मात्रेत दिला तर तांबड्या पेशी वाढवण्याचा संदेश शरीराला जातो, अशा समजुतीने तो टोचला जातो. त्यासाठी मूत्रात मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम ही मर्यादा आहे. मर्यादा खाली आणली तर निर्दोष ट्रेनर अडकतात, वर नेली तर चोर सुटतात, आणि ती कोठे ठेवायची हा निर्णय शेकडो सामान्य घोड्यांच्या मोजमापांतून संख्याशास्त्राने घ्यावा लागतो. चाऱ्याचा धोका काल्पनिक नाही. 2014 च्या अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसऱ्या आलेल्या, खुद्द राणी एलिझाबेथ यांच्या मालकीच्या एस्टिमेट या घोडीच्या नमुन्यात मॉर्फिन आढळले. ते दूषित खाद्यातून आले होते, तरीही नियमाप्रमाणे घोडी बाद झाली.

पाणी पाजलेला किंवा लगामाने रोखलेला घोडा यांतल्या कोणत्याच यंत्रात पकडला जात नाही. तेथे पुरावा शोधावा लागतो तो पैशांच्या हालचालीत. टोटवर, म्हणजे सर्वांचे पैसे एकत्र करून ते विजेत्यांत वाटणाऱ्या पद्धतीत, अमुक घोडा हरेल असे लावता येत नाही, त्यासाठी बाकीच्या घोड्यांवर पैसे पसरावे लागतात. 2000 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या बेटफेअर या ऑनलाइन एक्स्चेंजने मात्र कोणालाही बुकीच्या जागी बसून घोड्याविरुद्ध पैज घेण्याची सोय दिली. गैरप्रकाराला यामुळे वाट मिळाली हे खरे, पण त्याचबरोबर प्रत्येक पैजेची वेळ, रक्कम आणि खाते यांची नोंद राहू लागली, आणि जून 2003 मध्ये बेटफेअरने ही माहिती तेव्हा ब्रिटिश शर्यतींचे नियमन करणाऱ्या जॉकी क्लबला देण्याचा करार केला.

अशाच नोंदींवरून उभा राहिलेला सर्वांत गाजलेला खटला म्हणजे सहा वेळा चॅम्पियन ठरलेला जॉकी कीरेन फॅलन आणि इतर पाच जणांवरचा. डिसेंबर 2002 ते ऑगस्ट 2004 या काळातील 27 शर्यतींत घोडे रोखल्याचा आरोप होता. डिसेंबर 2007 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला कोसळला आणि सगळे निर्दोष सुटले. सरकार पक्षाच्या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने आपल्याला ब्रिटिश शर्यतींचे नियम नीट माहीत नसल्याचे मान्य केले होते. शिवाय आकडेच आरोपाच्या विरुद्ध बोलत होते. या शर्यतींपैकी फॅलनने 17 मध्ये घोडा चालवला आणि त्यांतल्या 5 जिंकल्या, म्हणजे 29 टक्के, जेव्हा त्याचे एरवीचे प्रमाण 19 टक्के होते. ज्यांनी त्याच्या घोड्यांविरुद्ध पैसे लावले त्यांना मोठा तोटा झाला होता.

येथे थोडे थांबून हिशेब करण्यासारखा आहे. 19 टक्के विजयाचे प्रमाण असलेला जॉकी 17 शर्यतींत पाच किंवा त्याहून अधिक विजय नुसत्या योगायोगाने साधारण पाचात एकदा मिळवतो, तेव्हा तो नेहमीपेक्षा जास्त झटून धावला असाही निष्कर्ष काढता येत नाही. आता दुसरी बाजू पाहावी. हाच जॉकी सतराच्या सतरा शर्यती हरण्याची शक्यता सुमारे 2.8 टक्के आहे. म्हणजे तितक्याच कुवतीच्या शंभर प्रामाणिक जॉकींच्या नोंदी चाळल्या तर तिघे असे निघतील की ज्यांच्या सतरा शर्यती ओळीने कोरड्या गेल्या आहेत. संशय आधी आणि आकडे नंतर, अशा क्रमाने गेले तर या तिघांपैकी कोणालाही गुन्हेगार ठरवता येईल. म्हणून पैजांचा कल पाहून आधी शर्यत निवडावी लागते, जॉकीची कामगिरी त्याच शर्यतीत तपासावी लागते आणि फोन, भेटी, पैशांची देवाणघेवाण यांचा दुवा वेगळा जुळवावा लागतो.

भारतात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे ठरवले, कारण घोड्याची वंशावळ, तयारी आणि जॉकीचे कसब यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर हातात रेसकार्ड घेऊन मागच्या वेळा ताडून पाहणारा माणूस हाच अभ्यास करत असतो, आणि घोडा पूर्ण ताकदीने धावणार आहे हे त्याने गृहीत धरलेले असते. ते गृहीतक तपासण्याचे नवे साधन आता खोगिराखालच्या कापडात बसू लागले आहे. अनेक देशांत तेथे ठेवलेला संवेदक प्रत्येक 200 मीटरचा वेळ, कापलेले प्रत्यक्ष अंतर, टापेची लांबी (एका झेपेत कापलेले अंतर) आणि सेकंदाला पडणाऱ्या टापांची संख्या नोंदवतो. घोडा वळणावर किती मीटर जास्त धावला हे त्यामुळे स्टुअर्डच्या मतावर अवलंबून राहत नाही. शेवटच्या 400 मीटरमध्ये त्याची टाप त्याच्याच मागच्या दहा शर्यतींच्या तुलनेत आखूड पडली असेल, आणि त्याच वेळी त्याच्याविरुद्ध पैसे येऊन भाव वर सरकला असेल, तर नमुना कोणाचा घ्यायचा हे ठरवायला पहिल्या तीन क्रमांकांची यादी पुरेशी नाही. आठव्या क्रमांकावर आलेल्या फेवरिटलाच तपासणीच्या तबेल्यात न्यावे लागते.