कॅप्टन रेग सॉन्डर्स आणि लेक कॉन्डाची जमीन

ऑस्ट्रेलियाच्या लष्करात अधिकारीपद मिळवणारा पहिला ॲबोरिजिनल (तिथला मूलनिवासी) माणूस म्हणून रेग सॉन्डर्स यांचे नाव घेतले जाते. ते खरेच आहे. पण या कथेची सुरुवात त्यांच्या जन्माच्या आधीपासून करावी लागते.

१९०९ साली संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन मुख्यतः युरोपीय वंशाचे नसलेल्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून वगळण्यात आले. भरती करणाऱ्यांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला आणि स्वतःहून आलेल्यांनाही परत पाठवले. १९१७ मध्ये आघाडीवर माणसे कमी पडू लागली तेव्हा नियम सैल झाला: आईवडिलांपैकी एक युरोपीय असेल तर चालेल. तरीही पहिल्या महायुद्धात एक हजाराच्या आसपास मूलनिवासी लढले. कुणी वंश लपवून गेले, तर कुणाच्या बाबतीत अधिकाऱ्यानेच डोळेझाक केली.

व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला, गुंडिच्मारा या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशातले लेक कॉन्डा हे ख्रिस्ती मिशनचे ठिकाण. तिथल्या लव्हेट कुटुंबातले पाच भाऊ पहिल्या महायुद्धात गेले आणि पाचही परत आले. त्यांतल्या चौघांनी दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गणवेश चढवला. रेग याच परिसरात आजीजवळ वाढले. वडील पहिल्या युद्धातून परतलेले. मामा विल्यम रेजिनाल्ड रॉलिंग्ज यांनी मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळवले आणि ऑगस्ट १९१८ मध्ये ते फ्रान्समध्ये मारले गेले. भाच्याचे नाव त्यांच्यावरूनच ठेवलेले.

१९२० साली जन्मलेले रेग एप्रिल १९४० मध्ये भरती झाले. उत्तर आफ्रिका, ग्रीस, मग क्रीट हे ग्रीक बेट. क्रीट जर्मनांच्या हाती गेल्यावर ते जवळपास वर्षभर तिथल्या गावकऱ्यांच्या आसऱ्याने लपून राहिले, त्यांची भाषा शिकले आणि १९४२ मध्ये निसटले. त्याच वर्षी धाकटा भाऊ हॅरी न्यू गिनीत मारला गेला. रेगही पुढे न्यू गिनीत लढले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये लेफ्टनंट झाले. गोऱ्या सैनिकांची तुकडी ॲबोरिजिनल अधिकाऱ्याच्या हुकमाखाली गेली, आणि सैनिकांनी तो हुकूम बिनबोभाट मानला.

युद्ध संपले आणि जुना भेदभाव परत आला. हरलेल्या जपानचा ताबा ठेवणाऱ्या सैन्यासाठी रेग यांनी नाव दिले, पण तिथे ॲबोरिजिनल नको होते. लढाईला चाललेला माणूस पहाऱ्याला चालत नाही, हा अजब न्याय. परतलेल्या सैनिकांना शेतीसाठी जमीन देण्याच्या योजनेत लेक कॉन्डा मिशनची जमीन गोऱ्या सैनिकांना वाटली गेली. लव्हेट भावांपैकी हर्बर्ट यांनीही अर्ज केला होता, तो नाकारला गेला. या साऱ्या इतिहासातली सगळ्यात बोचणारी गोष्ट मला हीच वाटते, कारण ती जमीन मुळात गुंडिच्मारांचीच.

१९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटताच सॉन्डर्स पुन्हा लष्करात गेले. एप्रिल १९५१ मध्ये कॅपयाँगच्या लढाईत ते ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या बटालियनच्या सी कंपनीचे प्रमुख होते. (त्यांच्या २७व्या राष्ट्रकुल ब्रिगेडच्या जखमींवर उपचार करणारे पथक भारताचे होते, ६०वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स.) १९५४ मध्ये त्यांनी लष्कर सोडले. पुढची बरीच वर्षे लाकूडतोडीचे कंत्राट, मग सिडनीतल्या धातूच्या कारखान्यात काम अशी गेली.

दरम्यान कायदा हळूहळू हलत होता. १९४९ मध्ये लष्करात सेवा केलेल्या ॲबोरिजिनल लोकांना केंद्रीय निवडणुकीत मत मिळाले. ज्या राज्यांत हा हक्क नव्हता तिथल्या बाकीच्यांना १९६२ पर्यंत थांबावे लागले. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी ॲबोरिजिनल लोकांसाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या ॲबोरिजिनल व्यवहार कार्यालयात १९६९ साली सॉन्डर्स संपर्क अधिकारी झाले. वस्त्यांवर जायचे, लोकांचे ऐकायचे, ते सरकारच्या कानावर घालायचे, असे ते काम. पदके नसलेली ही नोकरी मला त्यांच्या लढायांइतकीच महत्त्वाची वाटते. १९७१ मध्ये त्यांना एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला आणि १९८५ मध्ये ते कॅनबेराच्या युद्धस्मारकाच्या परिषदेवर गेले.

लेक कॉन्डा मिशनची जमीन तिथल्या ॲबोरिजिनल समाजाला परत देणारा कायदा केंद्राने १९८७ मध्ये केला. सॉन्डर्स मार्च १९९० मध्ये वारले.