मूत्राशय रिकामं, तरी लघवी लागलेली

शस्त्रक्रियेनंतर गुंगीतून बाहेर येणारा रुग्ण कितीदा तरी "मला लघवीला जायचंय" म्हणत उठू पाहतो. "नळी घातलीय, लघवी पिशवीत जातेय, पडून राहा," असं त्याला सांगतात. तरी तो तळमळतो, नळी ओढायला बघतो आणि मग घाबरट ठरतो. हे मला फार खटकतं. त्याला लघवी खरोखरच लागलेली असते.

फ्रेडरिक फोली या अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅथेटरच्या, म्हणजे या नळीच्या, टोकाशी एक फुगा असतो. नळी आत गेली की तो बहुधा १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्याने फुगवतात, म्हणून ती निसटत नाही. हा फुगा टेकतो नेमका मूत्राशयाच्या तोंडाशी. तिथला 'ट्रायगोन' हा त्रिकोणी भाग फार संवेदनशील असतो.

मूत्राशय भरू लागलं की अस्तराच्या पेशी ताणल्या जातात आणि एटीपी हे रसायन सोडतात. शेजारचे मज्जातंतू ते टिपतात. दाब ओळखणारी पिएझो-२ नावाची प्रथिनंही या कामात असतात. पिएझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. संदेश मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी, एस-२ ते एस-४ या भागात पोहोचतो. आकुंचनाचा हुकूम सुटला की तंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडतं, ते स्नायूवरच्या एम-३ ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं आणि मूत्राशय आवळतं. एरवी लघवी झाली की ताण संपतो आणि हुकूमही थांबतो. इथे फुगा जागचा हलत नाही. स्नायू त्यालाच आवळतो, दाब वाढतो, पुन्हा संदेश जातो. ओटीपोटात येणाऱ्या कळा त्या याच. कधी नळीच्या बाजूने लघवीही गळते. तेव्हा नळी बारीक पडली असं वाटून जाड नळी घातली, तर त्रास वाढण्याचाच संभव जास्त.

कळा स्नायूच्या आवळण्यातून येतात, म्हणूनच नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी या कळा सहसा पुरत्या शमत नाहीत. ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन ही औषधं एम-३ ग्राहीच अडवतात. लाळग्रंथींतही तेच ग्राही असल्याने तोंड कोरडं पडतं. मात्र औषधाआधी नळी दुमडलीय का, तुंबलीय का, बद्धकोष्ठ आहे का, हे बघायला हवं. नळी मांडीला नीट चिकटवली की फुग्यावरची ओढ थांबते.

काढण्याआधी नळी अधूनमधून बंद ठेवून मूत्राशयाला 'सवय' लावायची, हा समज अजून टिकून आहे. थोड्या दिवसांच्या नळीसाठी त्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, उलट तुंबलेल्या मूत्राशयाचा त्रास होतो. फुगा फुगलेला असताना नळी ओढली तर मूत्रमार्ग फाटू शकतो. पाणी सिरिंजने परत काढलं की ती सहज बाहेर येते. नंतर पहिल्या एक-दोन वेळा लघवीला जळजळ होते, ती बहुतेकांची आपोआप थांबते.